उजव्या बाजूचा अंधार

१८ जानेवारी १९५८. शनिवारची रात्र, मॉन्ट्रियलचं फोरम. यजमान मॉन्ट्रियल कॅनेडियन्स त्या काळी जवळजवळ अजिंक्य होते. लागोपाठ पाच वर्षं हॉकीतला मानाचा स्टॅनली कप जिंकण्याच्या त्यांच्या विक्रमातलं हे तिसरं वर्ष. समोर बॉस्टन ब्रुइन्स. त्यांचे खेळाडू दुखापतींनी जायबंदी झाले होते, म्हणून क्विबेकच्या एका दुय्यम संघातून बावीस वर्षांचा एक पोरगा त्यांनी ऐन वेळी बोलावून घेतला होता. ब्रुइन्स ३-० असे जिंकले. त्या पोराने गोल केला नाही, कुणाशी त्याची मारामारी झाली नाही, प्रेक्षकांनीही गोंधळ घातला नाही. क्विबेकच्या संघाकडून तो याआधी मॉन्ट्रियलमध्ये खेळून गेलेला होता, लोकांच्या ओळखीचा होता. दुसऱ्या दिवशीचा पेपर हातात आला तेव्हा आपण काल काय करून बसलो ते त्याला समजलं. नॅशनल हॉकी लीग सुरू होऊन चाळीस वर्षं उलटली होती आणि तिच्या सामन्यात बर्फावर उतरलेला पहिला काळा माणूस तो होता. विली ओरी.

दोन सामने खेळवून बॉस्टनने त्याला परत धाडला. पुढे १९६०-६१च्या हंगामात ४३ सामने मिळाले. सगळे मिळून ४५ सामने, ४ गोल, १० गोलांना हातभार. लीगच्या नोंदवहीत विली ओरीच्या नावावर एवढंच आहे. बाकी मानसन्मान भरपूर: पुतळ्याच्या योग्यतेचं नाव, ‘हॉकीचा जॅकी रॉबिन्सन’ ही पदवी, अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक. ‘पहिला’ म्हणून जो माणूस इतिहासात जातो, त्याचं पुढे काय झालं हे विचारायची पद्धत नाही. पण ओरी धंदेवाईक खेळाडू म्हणून वीस वर्षांहून अधिक काळ वावरला, त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत पगार घेऊन हॉकी खेळला, आणि हे सगळं त्याने एका डोळ्याने केलं. त्याचा रंग भरल्या स्टेडियमला दिसत होता. उजव्या डोळ्याने दिसत नाही हे मात्र जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं. रंगाविषयी ढिगाने लिहिलं गेलं आहे. खेळाडू म्हणून ओरी मला कळतो तो त्या डोळ्यापासून.

आपल्याला हॉकी ठाऊक आहे ती ध्यानचंदांची, हिरवळीवरची. बर्फावरची ही हॉकी वेगळ्या तालाची. २०० फूट लांब, ८५ फूट रुंद रिंक, चहूबाजूंनी कुंपणासारख्या भिंती. प्रत्येक संघाचे गोलरक्षक धरून सहा जण एका वेळी बर्फावर, वीस मिनिटांचे तीन डाव. चेंडूऐवजी पक, म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची कडक रबरी चकती. वजन साधारण १७० ग्रॅम. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. चांगल्या खेळाडूच्या काठीवरून सुटली की ती ताशी शंभर मैलांच्या आसपास जाते. अंगावर धडकून समोरच्याला भिंतीवर आदळणं नियमात बसतं. आणि १९५०च्या दशकात हे सगळं उघड्या डोक्याने चालायचं. हेल्मेट घालणारा भित्रा ठरायचा.

ओरीचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५चा, कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन गावातला. तेरा भावंडांत धाकटा. त्याचा एक पूर्वज, पॅरिस ओरी, अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण कॅरोलिनातल्या गुलामगिरीतून निसटून उत्तरेला आला होता. विलीच्या लहानपणी गावात काळ्यांची घरं दोनच. तिसऱ्या वर्षी पायांत स्केट्स आले. हिवाळ्यात परसात पाणी ओतून ठेवलं की सकाळी रिंक तयार; थंडी कडक असली तर पोरं शाळेलाही स्केट्सवरूनच जायची. थोरला भाऊ त्याचा पहिला गुरू. धडक कशी द्यायची, त्याहून महत्त्वाचं म्हणजे कशी घ्यायची, हे त्याने विलीला आपटून आपटून शिकवलं. गावातले गोरे सवंगडी त्याच्यासोबत खेळले, एकमेकांच्या घरी जेवले. शिव्या पुढे मिळाल्या, त्या परगावच्या रिंकवर.

उन्हाळ्यात विली बेसबॉल खेळायचा, आणि तोही फार बरा. १९४९ साली त्याच्या मुलांच्या संघाने स्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून पोरांना न्यूयॉर्कची सहल मिळाली. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर त्यांची गाठ जॅकी रॉबिन्सनशी घालून देण्यात आली. दोनच वर्षांपूर्वी रॉबिन्सनने मेजर लीग बेसबॉलमधली वर्णबंदी मोडलेली होती. तेरा-चौदा वर्षांच्या विलीने हस्तांदोलन करता करता सांगून टाकलं, मी बेसबॉलबरोबर हॉकीही खेळतो. काळी मुलं हॉकी खेळतात याचंच रॉबिन्सनला नवल वाटलं.

या नवलाला इतिहासाचा आधार नव्हता. शेजारच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्सच्या परिसरात, काळ्यांच्या बाप्टिस्ट चर्चमधल्या मंडळींनी १८९५ सालीच आपली स्वतंत्र हॉकी लीग काढली होती. नॅशनल हॉकी लीग जन्मली १९१७ला! आणि ओरीच्या आधी एक पिढी हर्ब कार्नेगी होऊन गेला. तो, त्याचा भाऊ ऑसी आणि न्यू ब्रन्सविकचाच मॅनी मॅकइंटायर, अशा तीन काळ्या खेळाडूंची आक्रमक फळी १९४०च्या दशकात क्विबेकमध्ये गाजत होती. टोरंटोच्या संघाचे सर्वेसर्वा कॉन स्मिथ यांनी ‘कार्नेगीला कुणी गोरा करून दिला तर उद्या त्याला घेतो’ अशा अर्थाचे उद्गार काढल्याचं कार्नेगी आयुष्यभर सांगत राहिला. १९४८मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला शिबिराला बोलावलं आणि देऊ केली ती दुय्यम संघातली जागा, तीही क्विबेकमध्ये तो कमावत होता त्याहून कमी पैशांवर. बायकामुलांचा संसार होता. त्याने नकार दिला आणि परतला. रॉबिन्सनच्या पाठीशी ब्रँच रिकी नावाचा संघचालक उभा होता. त्याने माणूस हेरला, पारखला, वर्षभर दुय्यम संघात तयार केला, वादळ येणार हे धरून छत्री आधीच उघडली. हॉकीला रिकी मिळाला नाही. कार्नेगीच्या बाबतीत कुणी जोखीम घेतली नाही, आणि ओरी आला तो दुखापतींमुळे माणूस कमी पडला म्हणून. म्हणूनच ‘हॉकीचा रॉबिन्सन’ ही उपमा मला दोघांवरही अन्याय करणारी वाटते.

ओरीच्या डोक्यात नॅशनल हॉकी लीगचा विचार पहिल्यांदा घातला तो फिल वॉटसन या प्रशिक्षकाने, क्विबेक फ्रॉन्टेनॅक्सच्या कुमार संघात. लीगमध्ये एकही काळा खेळाडू नाही, आणि तू पहिला होऊ शकतोस, तेवढी तुझी कुवत आहे, असं त्याने पोराला सांगितलं. ओरीच्या अंगात वेग होता. स्केटिंगच्या बाबतीत त्या काळच्या भल्याभल्यांना तो मागे टाकायचा. मग १९५५-५६च्या हंगामात तो किचनर कॅनक्स या कुमार संघात गेला आणि तिथे ते घडलं.

सामना ग्वेल्फच्या संघाशी होता. ओरी गोलपुढे उभा होता, आपल्या माणसाने मारलेला फटका गोलरक्षकाला दिसू नये म्हणून. पक कुणाच्या तरी काठीला लागून वर उडाली आणि थेट त्याच्या चेहऱ्यावर आली. नाक मोडलं, गालाचं हाड मोडलं आणि उजव्या डोळ्याचा पडदा फाटला. डॉक्टरांनी सांगितलं, या डोळ्याने आता दिसणार नाही आणि हॉकी विसर. वय वीस. साधारण दोन महिन्यांत ओरी पुन्हा बर्फावर होता.

लीगच्या नियमात एका डोळ्याने आंधळ्या खेळाडूला मज्जाव होता. हा नियम ओळखला जातो तो फ्रँक ट्रशिन्स्की या खेळाडूच्या नावाने. एका डोळ्याची नजर गेल्यावरही तो खेळत राहिला आणि पुढे दुसऱ्या डोळ्यालाही इजा झाली. दैवाचा खेळ असा की तोही किचनरच्याच एका संघाचा. म्हणजे नियम निव्वळ दुष्टपणातून आलेला नव्हता. त्यामागे एक खरोखरचा आंधळा माणूस होता. त्याच्याही आधी, नियमबियम नसताना, ओटावाचा फ्रँक मगी एका डोळ्याने खेळला आणि १९०५ साली स्टॅनली कपच्या एकाच सामन्यात त्याने १४ गोल केले. हा विक्रम अजून अबाधित आहे. मगी पुढे पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत पडला.

ओरीने नजर गेल्याची गोष्ट दाबून ठेवायची ठरवली. घरातली एक बहीण आणि संघातला एक जिवाभावाचा मित्र, एवढ्यांनाच त्याने सांगितलं. आईवडिलांना कळलं असतं तर खेळ त्याच दिवशी थांबला असता. संघांच्या वैद्यकीय तपासणीत आपल्या डोळ्यांची चाचणी कधी झालीच नाही, असं त्याने नंतर सांगितलं आहे. आपल्याला इथे टायगर पतौडी आठवणं साहजिक आहे. १९६१च्या जुलैमध्ये होव्हला मोटार अपघातात त्यांचाही उजवाच डोळा गेला आणि वर्ष संपायच्या आत ते भारताकडून कसोटी खेळले. पण पतौडींचा डोळा जगाला माहीत होता. त्यांच्या प्रत्येक धावेला त्या माहितीचं वजन मिळालं. ओरीने हुकवलेली प्रत्येक संधी मात्र नुसती हुकलेली संधी म्हणून वहीत गेली.

आणि संधी हुकायच्याच, कारण तो लेफ्ट विंगला खेळायचा. डावी कडा सांभाळणाऱ्या खेळाडूचं सारं जग त्याच्या उजवीकडे असतं. मधला सोबती उजवीकडे, पक येते ती उजवीकडून, आडवा यायला निघालेला बचावपटूही त्याच बाजूने. ओरीला तिकडचं काहीच दिसत नसे. पक घेण्यासाठी त्याला मान पार उजव्या खांद्यावरून वळवून डावा डोळा तिकडे न्यावा लागायचा, आणि मान वळलेली असतानाच धडक बसायची. सुरुवातीला तो गोंधळला. घाईने फटके मारायचा, ते बाहेर जायचे. मग त्याने स्वतःला एक गोष्ट पढवली: जे दिसत नाही त्याची काळजी सोड, जे दिसतं त्याच्याकडे बघ. हे वाक्य पुढे तो शाळांतून मुलांना सांगायचा तेव्हा सुविचारासारखं वाटायचं. तेव्हा ती रोजच्या कामाची सूचना होती.

१९५६च्या उन्हाळ्यापूर्वी त्याला बेसबॉलने पुन्हा हाक मारली. मिलवॉकी ब्रेव्हजने त्याला जॉर्जिया राज्यातल्या वेक्रॉसच्या शिबिरात बोलावलं. अटलांटाच्या विमानतळावर उतरला आणि पहिल्यांदा त्या पाट्या पाहिल्या: फक्त गोऱ्यांसाठी, फक्त काळ्यांसाठी. कॅनडात द्वेष नव्हता असं नाही, पण तो असा रंगवून भिंतीवर लावलेला नव्हता. दोनेक आठवड्यांत त्याला नारळ मिळाला. परतीचा प्रवास बसने, पाच दिवसांचा. बस निघाली तेव्हा तो रिवाजाप्रमाणे मागच्या बाकावर बसला. जसजशी बस उत्तरेला सरकली तसतसा तो एकेक बाक पुढे येत गेला. फ्रेडरिक्टनला उतरला तेव्हा बेसबॉल त्याच्यापुरता संपला होता. मला राहून राहून वाटतं, त्या प्रवासात विलीने एक धंदा सोडला एवढंच नव्हे, तर दुसरा पक्का केला. त्या वर्षी तो क्विबेक एसेसमध्ये दाखल झाला, म्हणजे जिथे कार्नेगीने आपली शेवटची चांगली वर्षं काढली त्याच संघात. तिथून मॉन्ट्रियलची ती रात्र आली.

बॉस्टन शहराबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बॉस्टनचा बेसबॉल संघ रेड सॉक्स; मेजर लीगमधल्या सगळ्या संघांत त्यांनी काळा खेळाडू घेतला तो सर्वांत शेवटी, जुलै १९५९मध्ये. त्याच गावच्या हॉकी संघाने दीड वर्ष आधी ओरीला बर्फावर उतरवलं होतं. ओरी स्वतः बॉस्टनबद्दल आणि तिथल्या सहकाऱ्यांबद्दल नेहमी चांगलंच बोलत आला.

१ जानेवारी १९६१, बॉस्टन गार्डन. समोर पुन्हा कॅनेडियन्स. ओरी आपल्या वेगावर बचावपटूंना मागे टाकून सुटला आणि चार्ली हॉजच्या गोलात त्याने पक घातली. लीगमधला त्याचा पहिला गोल, आणि ब्रुइन्स ३-२ जिंकले ते त्याच गोलावर. गार्डनमधले लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. परगावी मात्र दुसरंच काही असे. शिव्या सगळीकडे होत्या. टोरंटो-मॉन्ट्रियलपेक्षा अमेरिकी शहरांत जास्त, असा त्याचा अनुभव. शिकागोचा प्रसंग त्याने अनेकदा सांगितला आहे. तिथल्या एरिक नेस्टरेंकोने काठीचा दांडा त्याच्या तोंडावर मारला, वर काळ्यांना हिणवणारा तो शब्द वापरला. पुढचे दोन दात पडले, नाक फुटलं. ओरीने उलट काठी त्याच्या डोक्यात घातली आणि दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. नंतर ड्रेसिंग रूममध्ये एकटा बसलेला असताना त्याने एक हिशेब केला: या लीगमधून जायचं तर माझी कुवत कमी पडली म्हणून जाईन, कुणी शिवी दिली म्हणून नाही.

वसंतात व्यवस्थापनाने सांगितलं, पुढच्या हंगामात भेटू. तो खुशीत गावी गेला. काही आठवड्यांनी फोन आला: ब्रुइन्सनी त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकलं होतं. मॉन्ट्रियलकडे तेव्हा चांगल्या खेळाडूंची एवढी गर्दी होती की ओरीसाठी तिथे जागा निघणं कठीण. त्यांनी त्याला थोडे दिवस दुय्यम संघात खेळवलं आणि मग थेट लॉस एंजेलिसला पाठवून दिलं. नॅशनल हॉकी लीगचा बर्फ त्याच्या पायांखाली पुन्हा आला नाही.

हे रंगामुळे झालं का? ओरी स्वतः तसा सरसकट आरोप करत नाही. हिशेब असा: लीगमध्ये तेव्हा संघ फक्त सहा. प्रत्येकी वीसेक जागा धरल्या तरी सगळ्या कॅनडा-अमेरिकेत मिळून जेमतेम सव्वाशे नोकऱ्या. दुय्यम लीगमधला उत्तम खेळाडू आयुष्यभर तिथेच राहायचा, गोरा असला तरी. पण पुढचा आकडा पाहिला की हा हिशेब पुरा पडत नाही. १९६१मध्ये ओरी गेल्यावर लीगमध्ये दुसरा काळा खेळाडू आला तो १९७४मध्ये, वॉशिंग्टन कॅपिटल्सचा माइक मार्सन. मधल्या काळात १९६७ साली सहाचे बारा संघ झाले, जागा दुप्पट झाल्या. ओरी तेव्हा एकतिसाचा होता, लॉस एंजेलिसमध्येच खेळत होता, आणि नव्या संघांतला एक खुद्द लॉस एंजेलिसचा होता. त्याला कुणी बोलावलं नाही. लीग १९५८चा उल्लेख अभिमानाने करते. १९६१ ते १९७४ या तेरा वर्षांचा सोहळा कोणी करत नाही.

आता मूळ कारकिर्दीकडे. वेस्टर्न हॉकी लीग ही पश्चिम किनाऱ्यावरची व्यावसायिक लीग. पोर्टलंड, सिॲटल, व्हँकुव्हर, सॅन फ्रान्सिस्को आणि आता ओरीचा संघ, लॉस एंजेलिस ब्लेड्स. बाहेर खजुराची झाडं, आत बर्फ. १९६२मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका समारंभात जॅकी रॉबिन्सन पाहुणा होता. ओरी भेटायला गेला. रॉबिन्सनने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ब्रुकलिनला भेटलेला मुलगा तूच ना? तेरा वर्षं लोटली होती.

ब्लेड्समध्ये ॲल्फ पाइक नावाचा प्रशिक्षक आला. त्याच्याकडे लेफ्ट विंगचे खेळाडू जास्त झाले होते, राइट विंगला माणूस नव्हता. त्याने ओरीला विचारलं, तिकडे खेळून बघतोस का? पाइकला डोळ्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. ओरी उजव्या कडेला गेला आणि सारं मैदान एकदम त्याच्या डाव्या, शाबूत डोळ्यापुढे आलं. सोबती डावीकडे, पक डावीकडून, धडकायला येणाराही डावीकडून. उजवीकडे नुसती भिंत, तिला बघायचं काय? डावखुरी काठी उजव्या कडेला थोडी उलटी पडते, पक बॅकहँडवर घ्यावी लागते. तेवढं त्याने शिकून घेतलं. १९६४-६५च्या हंगामात त्याने ३८ गोल केले.

हा बदल नऊ वर्षं उशिरा झाला, आणि तोही योगायोगाने. डोळा गेल्यानंतर लगेच कुणी शहाण्याने त्याला राइट विंगला उभं केलं असतं तर? पण तसं सुचायला डोळ्याचं गुपित सांगावं लागलं असतं, आणि गुपित सांगितलं असतं तर तो कुठल्याच विंगला उरला नसता. ब्रुइन्सकडून ४५ सामन्यांत ४ गोल, हा आकडा मी आता वेगळा वाचतो. एक डोळा बंद असलेला माणूस चुकीच्या कडेला उभा राहून त्या काळच्या जगातल्या सर्वोत्तम सव्वाशे खेळाडूंत टिकत होता.

१९६७मध्ये तो सॅन डिएगो गल्समध्ये गेला. तिथे १९६८-६९मध्ये पुन्हा ३८ गोल, वय तेहेतीस. वेस्टर्न हॉकी लीगमधलं गोल करण्याचं अग्रस्थान त्याने दोनदा मिळवलं. गाव त्याला ओळखू लागलं, दुकानदार हाका मारू लागले. मधे एक हंगाम पूर्वेला न्यू हेवनकडून खेळला, तेव्हा व्हर्जिनियातल्या सामन्यात प्रेक्षकांनी बर्फावर काळं मांजर सोडलं, कापसाचे बोळे फेकले. ते वर्ष १९७२-७३, म्हणजे मॉन्ट्रियलच्या त्या शांत रात्रीनंतर पंधरा वर्षांनी. प्रगतीची रेघ सरळ वर जाते असं मानणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं. १९७८-७९मध्ये सॅन डिएगोच्याच हॉक्स संघातून तो शेवटचं खेळला. त्याच १९७९ साली नॅशनल हॉकी लीगने नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं केलं. डोळ्यांपुढच्या पारदर्शक काचेची सक्ती यायला २०१३ उजाडलं.

दुय्यम लीगमधून निवृत्त होणाऱ्याला त्या काळी गडगंज काही मिळत नसे. ओरीने बांधकामावर काम केलं, मोटारी विकल्या, आणि अखेर सॅन डिएगोजवळच्या हॉटेल डेल कोरोनाडोत सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. समुद्रकाठचं हे भव्य लाकडी हॉटेल सिनेमाच्या शौकिनांना ठाऊक असेल, मेरिलिन मन्रोच्या ‘सम लाइक इट हॉट’मधलं. पाहुण्यांना दारावरच्या या माणसाचा इतिहास ठाऊक असायचं कारण नव्हतं. नव्वदच्या दशकात लीगच्या कार्यालयातले ब्रायंट मॅकब्राइड यांनी त्याला शोधून काढलं. लीग तेव्हा वस्त्यावस्त्यांतल्या, हॉकीशी संबंध न आलेल्या मुलांपर्यंत पोहोचू पाहत होती. १९९८मध्ये साठी ओलांडलेल्या ओरीला त्या कामाचा प्रमुख नेमलं. मग सुरू झाली दुसरी कारकीर्द, पहिलीइतकीच लांब: शाळा, रिंक, सुधारगृहं, शेकडो गावं, हजारो पोरं. त्यांच्या स्केट्सच्या नाड्या आवळून देणं, काठी कशी धरायची ते दाखवणं.

या काळात खेळाचा चेहरा बदलत होता, पण सावकाश. ग्रँट फ्यूअरने गोल राखत एडमंटनला स्टॅनली कप जिंकून दिले, जरोम इगिन्ला २००२मध्ये ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आला. ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी घरातला रॉबिन बावा १९८९मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला, लीगमधला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. आणि २०१९च्या नोव्हेंबरमध्ये नायजेरियन वंशाच्या अकीम अलियूने जाहीर केलं की दुय्यम लीगमध्ये असताना प्रशिक्षक बिल पीटर्सने आपल्याला उद्देशून तोच शब्द वापरला होता. पीटर्सला कॅलगरीचं प्रशिक्षकपद सोडावं लागलं. शिकागोत तो शब्द प्रतिस्पर्ध्याने उच्चारला होता. इथे स्वतःच्या प्रशिक्षकाने.

मान उशिरा आले आणि मग एकदम आले. फ्रेडरिक्टनने आपल्या रिंकला त्याचं नाव दिलं, ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाला. १८ जानेवारी २०२२ला, त्या रात्रीला ६४ वर्षं होताना, ब्रुइन्सनी त्याचा २२ क्रमांक कायमचा निवृत्त केला. करोनामुळे शहाऐंशी वर्षांच्या ओरीने तो सोहळा घरून पडद्यावर पाहिला. त्याच महिन्याअखेर सुवर्णपदकाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बायडन यांची सही झाली.

या सगळ्यांत हॉकीतला सर्वोच्च मान, हॉल ऑफ फेम, मिळाला २०१८मध्ये. त्याबद्दल माझी एक तक्रार आहे. ओरीला तिथे घेतलं ते ‘बिल्डर’ म्हणून, म्हणजे खेळ वाढवणारे संघचालक, प्रशिक्षक, पदाधिकारी ज्या वर्गात येतात त्या वर्गातून. त्याच संध्याकाळी त्याच वर्गात त्याच्या शेजारी होते लीगचे आयुक्त गॅरी बेटमन. पंचेचाळीसच सामने खेळलेल्याला खेळाडू कसं म्हणायचं, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण त्याच संध्याकाळी खेळाडू म्हणून दाखल झाला सोव्हिएत संघाचा अलेक्झांडर याकुशेव्ह, ज्याने नॅशनल हॉकी लीगमध्ये एकही सामना खेळला नव्हता. त्याची योग्यता वादातीत आहे. मुद्दा एवढाच की लीगबाहेरचा खेळ मोजता येतो, मोजायचं ठरवलं तर. चार वर्षांनी, २०२२मध्ये, हर्ब कार्नेगीलाही हॉलमध्ये घेतलं, मृत्यूनंतर दहा वर्षांनी. क्विबेक एसेसचाच तोही खेळाडू, उतारवयात काचबिंदूने दोन्ही डोळ्यांनी आंधळा झालेला. त्याचीही नोंद बिल्डर म्हणूनच आहे.